आठ दिवसांचे मौन रिट्रीट: धर्मगुरूंच्या थकव्यावर कितपत उपयोगी?

'फादर, या वर्षी सुटी घेतली का?' असे विचारले की पुष्कळदा उत्तर येते, 'रिट्रीटला जाऊन आलो ना!' आपल्या धर्मगुरूंच्या थकव्याची अर्धी गोष्ट या एका उत्तरात आहे. रिट्रीट (प्रार्थनेसाठी घेतलेला एकांतवास) आणि सुटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेनेही त्या वेगळ्याच धरल्या आहेत. कलम ५३३ प्रमाणे पॅरिश प्रीस्टला, म्हणजे स्थानिक चर्चच्या प्रमुख धर्मगुरूला, वर्षाकाठी जास्तीत जास्त एक महिना सुटी घेता येते, सलग किंवा तुकड्यांनी. वर्षातून एकदा रिट्रीटमध्ये गेलेले दिवस त्या महिन्यात मोजायचे नाहीत, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. सहायक धर्मगुरूंना सुटीचा हाच हक्क कलम ५५० देते. तरीही रिट्रीटचे आठ दिवस संपले की 'झाली सुटी' म्हणून फादर कामाला जुंपतात. मग रिट्रीटने थकवा गेला नाही म्हणून रिट्रीटलाच बोल लावला जातो.

हे परीक्षण आठ दिवसांच्या मार्गदर्शित मौन रिट्रीटचे आहे. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधने'वर बेतलेले, दर माणशी स्वतंत्र मार्गदर्शक असलेले, पूर्ण मौनातले. मूळ साधना तीस दिवसांची आहे आणि पोप तिसरे पॉल यांनी तिला १५४८ मध्ये मान्यता दिली. आठ दिवसांचे रिट्रीट ही तिचीच आटोपशीर आवृत्ती. महाराष्ट्रात आणि गोव्यात ते अनेक ठिकाणी करता येते: मुंबई-पुण्यातल्या संन्यस्तांच्या घरांत, लोणावळा-खंडाळ्याकडे, गोव्यात बागाच्या टेकडीवरच्या जेझुइटांच्या रिट्रीट हाऊसमध्ये. त्यामुळे इथे एखाद्या घराला गुण देण्यापेक्षा पद्धत तपासली आहे. घर कसे पारखावे ते पुढे येईलच.

दिवसाचा साचा सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच असतो. तासा-तासाच्या चार, कधी पाच प्रार्थना. प्रत्येक प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटे आढावा: काय भिडले, कुठे कोरडे वाटले, मन कुठे पळाले, हे वहीत टिपायचे. दिवसातून एकदा मार्गदर्शकाशी अर्धा ते पाऊण तास बोलणे. त्यातच पुढच्या दिवसासाठी बायबलमधले दोन-तीन उतारे मिळतात. एक मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना), जेवणे मौनात, संध्याकाळी बहुतेक ठिकाणी आराधना. यात नित्यप्रार्थना (धर्मगुरूने रोज म्हणायची ठरलेली प्रार्थना) धरली तर दिवसाचे सहा-सात तास बांधलेले असतात. हे मेहनतीचे काम आहे. थकलेल्या शरीराने पहिल्याच सकाळी चार तासांची प्रार्थना सुरू केली तर दुसऱ्या दिवशी डोके दुखते, तिसऱ्या दिवशी चिडचिड होते आणि चौथ्या दिवशी 'मला प्रार्थनाच जमत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

म्हणून चांगल्या मार्गदर्शकाची पहिली खूण ही की, तो पहिले दोन दिवस झोपू देतो. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातला एलिया या दिवसांसाठी वारंवार दिला जातो, आणि ते अगदी योग्य आहे. 'आता पुरे' म्हणून झुडपाखाली आडवा झालेल्या त्या संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. होरेब डोंगराची वाट त्यानंतर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत रोज दोनच प्रार्थना, दुपारची झोप, संध्याकाळी तासभर एकट्याने चालणे आणि रात्री साडेनऊला दिवा बंद, एवढेच पुरे. यात आळस मानण्याचे कारण नाही. स्वतः इग्नेशियस यांनी लिहून ठेवले आहे की साधक वयस्क असेल, अशक्त असेल किंवा पहिल्या टप्प्यात थकून गेला असेल, तर मध्यरात्रीची प्रार्थना सोडावी, प्रार्थनांची संख्या कमी करावी. प्रार्थनेची बैठकही त्यांनी मोकळी ठेवली आहे: गुडघे टेकून, बसून, उभे राहून किंवा पाठीवर पडून, जिथे हवे ते सापडेल तिथे थांबावे. गुडघे दुखत असताना चॅपलच्या बाकावर तासभर टेकून राहणाऱ्या साठीतल्या फादरांना हे कोणीतरी आवर्जून सांगायला हवे.

मार्गदर्शक कोण आहे यावर निम्मे रिट्रीट ठरते. तो धर्मगुरूच असावा असे नाही. प्रशिक्षित सिस्टर पुष्कळदा उत्तम मार्गदर्शन करतात, आणि पॅरिशच्या राजकारणापासून दूर असल्यामुळे त्यांच्यापाशी मोकळे बोलताही येते. कुमसार (पापांची कबुली) वेगळ्या धर्मगुरूंकडे करता येतो, त्यासाठी मार्गदर्शक बदलायची गरज नाही. मात्र ज्यांच्या हातात तुमची बदली आहे, त्यांना मार्गदर्शक म्हणून घेऊ नये. मन उघडताना हिशेब सुरू झाला की आठ दिवस वाया गेलेच. एका मार्गदर्शकाकडे पाच-सहा जण असतील तर ठीक. दहा असतील तर प्रत्येकाला वीस मिनिटे मिळतात आणि बोलण्याची जागा विचारपूस घेते. बुकिंगच्या वेळीच हा आकडा विचारावा. विचारण्यात संकोच कसला?

घराला फोन कराल तेव्हा आणखी काही गोष्टी पक्क्या करून घ्या. खोलीत टेबल-खुर्ची आणि स्वतःचे बाथरूम आहे का, चॅपल रात्री उघडे असते का, त्याच आठवड्यात तिथे युवकांचे शिबिर किंवा कोणाची मीटिंग तर नाही ना? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. एका मजल्यावर मौन आणि खाली गिटार, हे ज्या घरात चालते तिथे भाडे कमी असले तरी जाऊ नये. मधुमेह असेल तर जेवणाच्या वेळा लिहून घ्या. रात्रीचे जेवण साडेसातला आणि नाश्ता सव्वाआठला असेल तर मध्ये पावणेतेरा तास जातात. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी झोपण्यापूर्वीचे दूध-बिस्कीट आधीच सांगून ठेवावे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिट्रीटमध्ये उपवास धरू नये. औषधे दहा दिवसांची न्या, आठची नव्हे. चहा-कॉफी 'त्याग' म्हणून पहिल्या दिवसापासून एकदम बंद करू नका. रोज पाच-सहा कप घेणाऱ्याचे डोके दुसऱ्या दिवशी ठणकते आणि त्याचा दोष उगाच मौनाला दिला जातो.

आता खरी अडचण. रिट्रीट फसते ते बहुतेक वेळा घरातून निघण्याआधीच. मार्कच्या सहाव्या अध्यायात येशू प्रेषितांना जेवायलाही सवड नाही हे पाहतो आणि थोडा विसावा घ्यायला एकांतात नेतो. पण लोक पायी धावत त्यांच्या आधी तिथे पोहोचतात. आज लोक धावत येत नाहीत, फोन करतात. 'फोन बंद ठेवीन' एवढा निश्चय पुरत नाही, कारण पॅरिशमध्ये काहीतरी अडले की तो रात्रीत मोडतो. त्यामुळे काहीच अडू नये अशी व्यवस्था आधी लावावी लागते, आणि तिला किमान तीन आठवडे लागतात.

दिवसांचे गणित असे बसवा. रविवारच्या मिस्सा आटोपून संध्याकाळी पोहोचायचे, सोमवार ते पुढचा सोमवार असे पूर्ण आठ दिवस, मंगळवारी सकाळी निघायचे. यात एकच रविवार बुडतो. शनिवारी पोहोचलात तर दोन बुडतात. एका आठवड्याहून जास्त काळ पॅरिशबाहेर राहणार असाल तर बिशप कार्यालयाला कळवणे कलम ५३३ नेच बंधनकारक केले आहे. ते लेखी कळवा.

बदली धर्मगुरू 'एक' मिळाला म्हणजे काम झाले असे समजू नका. कलम ९०५ प्रमाणे धर्मगुरूने दिवसात एकच मिस्सा करायची असते. धर्मगुरूंची चणचण असेल तर बिशप रोजच्या दिवशी दोन आणि गरज असल्यास रविवारी व सणाला तीन मिस्सांची परवानगी देऊ शकतात. तुमच्याकडे रविवारी चार मिस्सा असतील, तर एका पाहुण्या फादरांवर सगळ्या टाकता येत नाहीत. दुसरा धर्मगुरू शोधा किंवा त्या रविवारी एक मिस्सा कमी करून आधीचे दोन रविवार ते जाहीर करा. रविवारची लोकांसाठी अर्पण करायची मिस्साही पॅरिश प्रीस्टच्या नावावर असते. ती त्या दिवशी दुसऱ्याकरवी करवून घ्या किंवा परत आल्यावर स्वतः करा. रजिस्टरमध्ये नोंद ठेवा.

लग्नाच्या बाबतीत मात्र चूक परवडत नाही. पाहुण्या धर्मगुरूला लग्न लावण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो नाव घेऊन द्यावा लागतो, आणि सरसकट अधिकार द्यायचा तर लेखीच. 'माझ्या जागी कोणीतरी फादर येतील' असे म्हणून निघून जाणे म्हणजे लग्नाची वैधता धोक्यात घालणे. रिट्रीटच्या आठवड्यात लग्न ठरले असेल तर अधिकारपत्र सही करून फाईलमध्ये ठेवा, एक प्रत येणाऱ्या फादरांना द्या आणि नवरा-नवरीची कागदपत्रे निघण्यापूर्वी स्वतः तपासा.

उरले अंत्यविधी. वसईसारख्या भागात गावातले मरण म्हणजे साऱ्या आळीचे मरण असते, आणि फादर नव्हते ही गोष्ट लोक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. तरी प्रत्येक निधनाला रिट्रीट सोडून धावत यायचे ठरवले तर कधीच रिट्रीट होणार नाही. निधन झाले तर कोणते फादर येणार, हे नावानिशी ठरवा आणि चर्चच्या फलकावर लावा. रिट्रीट हाऊसच्या ऑफिसचा नंबर एकाच माणसाकडे ठेवा. त्याने फोन करायचा तो तीनच कारणांसाठी: तुमच्या घरचे गंभीर आजारपण किंवा निधन, चर्चच्या वास्तूला आग-पाण्याचा धोका, किंवा बिशपांचा निरोप. स्वतःचा मोबाईल पहिल्या संध्याकाळी ऑफिसमध्ये जमा करा. 'फक्त बायबलच्या अ‍ॅपसाठी' ठेवलेला मोबाईल दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप उघडतो, म्हणून छापील बायबल आणि छापील नित्यप्रार्थनेचे पुस्तक न्या. गजर लावायला साधे घड्याळ.

पुढच्या रविवारचे प्रवचन तिथे तयार करू नका, हे वेगळे सांगावे लागते कारण सगळेच करतात. बायबलचा उतारा समोर आला की सवयीने मुद्दे पडू लागतात: एक, दोन, तीन. मग वाचन लोकांसाठी होते आणि स्वतःसाठी काहीच उरत नाही. यावर साधा उपाय म्हणजे परत आल्यानंतरच्या रविवारचे प्रवचन निघण्यापूर्वी लिहून ठेवणे, किंवा तो रविवार सहायक फादरांना देणे. सोबत चार जाड पुस्तकेही नेऊ नका.

आणि रिट्रीटच्या मध्यावर, साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी, मन खाली बसते तेव्हा बदली मागण्याचे किंवा पद सोडण्याचे पत्र लिहू नका. इग्नेशियस यांचा नियम यावर ठाम आहे: उद्विग्नतेच्या काळात आधीचा निर्णय बदलायचा नाही. पत्राचा विचार वहीत उतरवा, मार्गदर्शकाला सांगा, निर्णय घरी जाऊन घ्या.

या सेवेला गुण द्यायचे तर प्रार्थना आणि मनाची स्वच्छता यासाठी पाचपैकी पाच. शरीराच्या विश्रांतीसाठी तीन, तेही पहिले दोन दिवस झोपू देणारा मार्गदर्शक असेल तरच. करमणूक, मित्रांची सोबत, घरच्या माणसांबरोबरचा वेळ यांसाठी शून्य, कारण ते या रिट्रीटचे कामच नाही. त्यासाठी तो एक महिना आहे. त्यातले किमान दहा दिवस सलग घ्यावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. तीन-तीन दिवसांच्या सुट्या पॅरिशची कामे डोक्यातून उतरायच्या आत संपतात.

याला पर्याय काय? धर्मप्रांताचे सामुदायिक रिट्रीट बहुतेकांच्या वाट्याला येते: सोमवार ते शुक्रवार किंवा शनिवार, चाळीस-पन्नास फादर, एक प्रवचनकार, दिवसाला दोन ते चार व्याख्याने. स्वस्त असते, चुकवता येत नाही, आणि प्रवचनकार चांगला असेल तर वर्षभर पुरेल असा विचार मिळतो. पण मौन टिकत नाही. वर्षभर न भेटलेले सोबती भेटतात आणि जेवणाच्या टेबलावर बदल्यांच्या बातम्या फिरतात. त्या भेटीगाठींचीही गरज असते हे मान्य, फक्त तिला एकांतवास म्हणता येत नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर काही धर्मगुरूंना खुणावते. शिस्त कडक आहे. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. फी नाही, सगळे दानावर चालते. पण शिबिराच्या काळात इतर कोणतीही प्रार्थना, विधी किंवा जप करायचा नाही, ही तिथली अट आहे आणि ती अर्जातच स्वच्छ लिहिलेली असते. धर्मगुरूला नित्यप्रार्थनेचे बंधन आहे, रविवारची मिस्सा आहे. येण्या-जाण्याचे दिवस धरून शिबिर बारा दिवसांचे होते, त्यात एक रविवार तरी येतोच. सही करून आत जायचे आणि खोलीत लपून नित्यप्रार्थना म्हणायची, हा यजमानांशी अप्रामाणिकपणा झाला. तेव्हा चालू सेवेतल्या फादरांना हा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

प्रोटेस्टंट पाळकांचा प्रश्न निराळा, आणि अनेक अर्थांनी अवघड. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पास्टोरेटमध्ये (स्थानिक मंडळीत) पाळकसाहेब सहसा कुटुंबासह चर्चच्या आवारात राहतात. मुलांच्या शाळा, महिला मंडळ आणि संडे स्कूल सांभाळणाऱ्या पाळकीणबाई, दारावर कधीही येणारे सभासद. आठ दिवस एकट्याने मौनात जाणे म्हणजे हा सगळा भार पाळकीणबाईंवर टाकणे. त्यामुळे आधी तीन दिवसांचे छोटे रिट्रीट करावे, आणि त्याच वर्षी पाळकीणबाईंनाही तेवढेच दिवस मिळतील असे पास्टोरेट कमिटीच्या ठरावात लिहून घ्यावे. प्रभुभोजनाचा रविवार टाळून तारखा निवडल्या तर प्रवचन एखादे जाणते सभासद करू शकतात, दुसऱ्या पाळकांना बोलवावे लागत नाही. कॅथलिक घरात जाणार असाल तर तिथल्या मिस्सेत कम्युनियन (पवित्र भाकर) सहसा मिळणार नाही, हे आधीच बोलून घ्या, म्हणजे पहिल्या संध्याकाळी मन दुखावत नाही.

घर सोडणे शक्यच नसेल तर इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधने'तल्या एकोणिसाव्या टिपणातला मार्ग आहे: घरी राहून रोज तास-दीड तास प्रार्थना, आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाची भेट, आणि हे कित्येक महिने. लहान मुले असलेल्या पाळकांना हा पर्याय आठ दिवसांपेक्षा सरस ठरतो. वेळ पहाटेची ठेवा, कारण दुपारी दार वाजतेच.

ऋतूकडेही बघा. ईस्टरनंतर लगेच एप्रिल-मेमध्ये लग्ने आणि प्रथम कम्युनियन यांची रांग लागते, तेव्हा जाणे फारसे कोणाला साधत नाही. जूनअखेर ते ऑगस्ट हा काळ मोकळा, पण लोणावळा-खंडाळ्याला त्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, धुक्यात चालणे बंद होते आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ते तुंबतात. सांधेदुखी किंवा दमा असलेल्यांनी तिथे पावसाळ्यात जाऊ नये. गोव्यात उलट: बागाच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत रात्री उशिरापर्यंत संगीत चालते, पावसाळ्यात शांतता. समुद्रात मात्र तेव्हा उतरायचे नाही. वांद्र्याच्या आसपास ८ सप्टेंबरच्या मागचे-पुढचे आठवडे टाळा, माउंट मेरीच्या जत्रेची गर्दी असते. शाळेचे व्यवस्थापन सांभाळणाऱ्या फादरांना दिवाळीची सुटी सोयीची, फक्त २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस आणि कबरींचा आशीर्वाद आटोपूनच निघावे. नाताळचा शीण उतरवायचा तर जानेवारीचा उत्तरार्ध, राखेचा बुधवार (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) येण्याआधी.

एका बाबतीत मात्र रिट्रीटला जाऊच नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर दीर्घ मौनाने हे वाढू शकते. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारून, गोळ्या न थांबवता आणि मार्गदर्शकाला पहिल्याच भेटीत सांगून रिट्रीट करता येते.

परतीचा मंगळवारही आखून ठेवा. मोबाईल हातात आला की आठ दिवसांचे शेकडो मेसेज एकदम कोसळतात. ते प्रवासात उघडू नका. आधी ऑफिस सांभाळणाऱ्या माणसाकडून तोंडी वृत्तांत घ्या: कोण गेले, कोण आजारी आहे, काय अडले आहे. मंगळवारी संध्याकाळी ज्या घरी निधन झाले त्या घरी जा, बुधवारी आजारी माणसांकडे. फंड, रंगकाम, फेस्ताची (चर्चच्या सणाची) मीटिंग हे सारे गुरुवारनंतर. वहीतले शेवटच्या दिवसाचे पान आणि मार्गदर्शकाच्या पुढच्या भेटीची तारीख मात्र त्याच आठवड्यात डायरीत चढवा. ती भेट महिन्याच्या आत असावी.